सर्दी सहा महिने टिकत नाही! भंडाऱ्याच्या घरांत ॲलर्जी येते कुठून आणि ती आवरायची कशी?

सकाळी उठल्याबरोबर एकापाठोपाठ दहा-बारा शिंका. नाकातून पाण्यासारखी धार, डोळ्यांना खाज. दुपारपर्यंत सगळं ठीक आणि रात्री अंथरुणावर पडलं की पुन्हा नाक चोंदलेलं. अनेक घरांत "याचा सर्दीचाच कोठा आहे" असं म्हणून हे सोडून दिलं जातं. मेडिकलमधून एक गोळी आणायची, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

पण साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. जी महिनोन् महिने जात नाही, दरवर्षी ठरावीक दिवसांत येते किंवा एका ठरावीक खोलीतच वाढते, ती बहुतेक वेळा सर्दी नसून ॲलर्जी असते. आणि तिचं कारण अनेकदा घरातच असतं. गादीत, भिंतीच्या ओलीत, कूलरच्या गवतात किंवा धान साठवलेल्या खोलीत.

भंडारा जिल्ह्यात तर याला पूरक असं बरंच काही आहे. तलावांचा आणि धानाचा हा जिल्हा. वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बांध्यांमध्ये चार महिने साचलेलं पाणी, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी आणि चुरणं, हिवाळ्यात धूर आणि उन्हाळ्यात घरोघरी कूलर. इथल्या घरातली ॲलर्जी समजून घ्यायची तर वर्षभराचं हे चक्र समजून घ्यावं लागतं.

ॲलर्जी म्हणजे नेमकं काय?

आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी असते. काही लोकांमध्ये ही यंत्रणा निरुपद्रवी गोष्टींनाही शत्रू समजते. धूळ, परागकण, बुरशीचे कण किंवा एखादा खाद्यपदार्थ शरीरात गेला की त्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. पुढच्या वेळी तोच पदार्थ आला की ही प्रतिपिंडं शरीरातल्या विशिष्ट पेशींना इशारा देतात आणि त्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. शिंका, खाज, पाणी, सूज हे सगळं या हिस्टामिनचं आणि त्याच्या सोबत्यांचं काम.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये पहिल्यांदा वापरला. आयजीईचा शोध मात्र १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लागला. म्हणजे या आजाराचं मूळ विज्ञानाला समजून अजून साठ वर्षंच होत आहेत.

ॲलर्जीची प्रवृत्ती घराण्यात असते. आईवडिलांपैकी कुणाला दमा, नाकाची ॲलर्जी किंवा एक्झिमा असेल तर मुलांमध्ये शक्यता वाढते. पण प्रवृत्ती असली तरी त्रास किती होणार, हे बऱ्याच अंशी आजूबाजूच्या हवेवर ठरतं. प्रवृत्ती बदलता येत नाही, घर थोडंफार बदलता येतं.

सर्दी की ॲलर्जी, ओळखायचं कसं?

सर्दीत अंग दुखतं, कधी ताप येतो, घसा खवखवतो आणि शेंबूड हळूहळू घट्ट होतो. घरात एकाला झाली की दुसऱ्यालाही होते.

ॲलर्जीत ताप येत नाही. नाक, डोळे, टाळू आणि कान यांना खाज सुटते. नाकातून येणारा स्राव पाण्यासारखा पातळ असतो. शिंका एका दमात अनेक येतात. नाक सतत तळहातानं वर चोळणाऱ्या मुलांच्या नाकावर आडवी रेघ दिसते आणि डोळ्यांखाली काळसर छटा येते.

आणखी एक खूण महत्त्वाची. नाकाच्या ॲलर्जीसोबत रात्री किंवा पहाटे खोकला येत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, पळाल्यावर किंवा हसल्यावर दम लागत असेल, तर दमा असू शकतो. नाक आणि फुप्फुसं हा एकच मार्ग आहे. नाकाची ॲलर्जी असलेल्या अनेकांना दमाही असतो आणि दमा असलेल्या बहुतेकांना नाकाचा त्रास असतो.

गादीतले न दिसणारे पाहुणे

घरातल्या ॲलर्जीचं जगभरातलं सर्वांत मोठं कारण म्हणजे डस्ट माइट, अर्थात धुळीतले अतिसूक्ष्म किडे. लांबी जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. कोळ्याच्या कुळातला हा आठ पायांचा जीव चावत नाही आणि रोगही पसरवत नाही. तो आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगतो. म्हणूनच त्याचं आवडतं घर म्हणजे गादी, उशी, वाकळ आणि ब्लँकेट. घरातल्या धुळीची ॲलर्जी प्रत्यक्षात या किड्यांमुळे होते, हे नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं. त्रास देतात ते मुख्यतः त्याच्या विष्ठेचे कण.

या किड्याची एक कमजोरी आहे. तो पाणी पीत नाही, हवेतली आर्द्रता शोषून जगतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. म्हणजे जुलै ते ऑक्टोबर हे त्याचे सुगीचे दिवस आणि विदर्भातला कोरडा एप्रिल-मे हा त्याचा दुष्काळ.

याचा फायदा घेता येतो. पापड-कुरड्यांच्या वाळवणाला गच्ची लागते, त्याच दिवसांत गाद्या आणि उशाही कडक उन्हात टाकाव्यात. दोन्ही बाजू तापेपर्यंत, एक-दोन दिवस. पण ऊन किडे मारतं, त्यांची विष्ठा नष्ट करत नाही. त्यामुळे उन्हानंतर गादी घराबाहेरच झटकणं गरजेचं आहे. हे काम ॲलर्जी नसलेल्या व्यक्तीनं करावं आणि नाकातोंडाला रुमाल बांधावा. पिंजारी बोलावून जुना कापूस पिंजून घेतानाही हेच लागू आहे.

रोजच्या वापरात पुढच्या गोष्टी उपयोगी पडतात:

• चादर आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात भिजवून धुवावेत. थर्मामीटर लागत नाही. एक भांडं उकळतं पाणी आणि जवळपास तितकंच साधं पाणी एकत्र केलं की एवढं तापमान मिळतं. मुलांना मात्र त्यापासून लांब ठेवावं.
• गरम पाणी शक्य नसेल तर साध्या पाण्यानं धुणंही वाया जात नाही. किडे सगळे मरत नाहीत, पण त्रास देणारे कण बरेचसे निघून जातात.
• गरम पाण्यात धुता येत नाहीत अशी मऊ खेळणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत, मग धुवावीत.
• झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसावं. कोरड्या झाडूनं धूळ हवेत उडते आणि बराच वेळ तरंगत राहते.
• पलंगाखाली आणि दिवाणात कपड्यांची गाठोडी, जुनी पुस्तकं, रद्दी ठेवू नये.

गादीला फक्त खास कव्हर घातलं की काम झालं, असं जाहिराती सांगतात. पण ब्रिटनमध्ये दमा असलेल्या १,१२२ प्रौढांवर केलेल्या चाचणीत, केवळ अशा कव्हरमुळे दम्यात फरक पडला नाही, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याउलट अमेरिकेतल्या सात शहरांतल्या ९३७ मुलांच्या घरी गादी, झुरळं, धूर, ओल अशा सगळ्या गोष्टींवर एकत्र काम केलं, तेव्हा दम्याच्या त्रासाचे दिवस कमी झाले. तो अभ्यास २००४ चा. याचा अर्थ साधा आहे. एकच महागडी वस्तू विकत घेण्यापेक्षा चार साध्या गोष्टी एकत्र आणि नियमित करणं उपयोगाचं.

भिंतीची ओल आणि बुरशी

कवेलूच्या घरात छपराच्या फटींतून हवा खेळायची. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात उन्हाळा-पावसाळ्यात खिडक्या बंद राहिल्या तर ओल आतच कोंडते. स्वयंपाकाची वाफ, आत वाळत घातलेले कपडे आणि भिंतीतून झिरपणारं पाणी मिळून कोपऱ्यात काळे-हिरवे डाग उमटतात. ही बुरशी. तिचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात आणि ॲलर्जी व दमा दोन्ही वाढवतात.

डागावर नुसता रंग मारला तर दोन महिन्यांत बुरशी पुन्हा वर येते. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायला हवं. स्लॅबची भेग, गळका पाइप, भिंतीला लागून साचणारं सांडपाणी. ते बंद केल्यावर साबणाच्या पाण्यानं घासून भिंत पूर्ण वाळू द्यावी. जुन्या पद्धतीनं चुन्याची सफेदी करणं इथे चांगलं, कारण चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यावर बुरशी सहज वाढत नाही. ब्लीचिंगचं द्रावण वापरायचं असेल तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ते संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

पावसाळ्यात ऊन पडेल तेव्हा तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. कपाट भिंतीला चिकटवून न ठेवता चार बोटं अंतर सोडावं. कपडे शक्यतो व्हरांड्यात वाळवावेत.

कूलर: गारव्यासोबत आणखी काय येतं?

विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा काढणं अवघड. मात्र ओलं गवत, साचलेलं पाणी आणि त्यातून आत फेकली जाणारी हवा, हे बुरशी वाढायला आणि पसरायला अगदी सोयीचं यंत्र आहे. शिवाय कोरड्या मे महिन्यात डस्ट माइटचा जो दुष्काळ पडायला हवा, तो कूलरच्या दमट हवेमुळे पडत नाही.

कूलरशी एका वेगळ्या आजाराचाही संबंध जोडला जातो. त्याला 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस' म्हणतात. यात शिंका येत नाहीत. बुरशीचे किंवा जिवाणूंचे कण पुन्हा पुन्हा श्वासातून गेल्यानं फुप्फुसांच्या खोल भागात सूज येते. कोरडा खोकला, चालताना लागणारा दम, थकवा आणि कधी कसर अशी लक्षणं दिसतात. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं तर फुप्फुसात कायमचे व्रण पडतात.

भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांमध्ये फुप्फुसाच्या अशा आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंदवही तयार करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सर्वाधिक, म्हणजे ४७.३ टक्के रुग्ण याच आजाराचे निघाले आणि त्यांतल्या सुमारे ४८ टक्के लोकांचा कूलरशी संपर्क होता. यावरून कूलर हेच कारण असल्याचं सिद्ध होत नाही. देशात कूलर वापरणारे कोट्यवधी लोक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. पण अस्वच्छ कूलर दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही, एवढं नक्की.

काळजी अशी घेता येईल. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला जुनं गवत फेकून नवं बसवावं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, उन्हात कोरडी करावी. डेंग्यूचा डासही कूलरच्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दहा दिवसांत वाढतो, त्यामुळे या एका कामात दोन फायदे होतात. कूलर बंद करण्याआधी थोडा वेळ पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा, म्हणजे गवत वाळतं. खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवावी. कूलरला कुबट वास येत असेल तर अत्तर किंवा सुगंधी द्रव टाकून तो झाकू नये. तो वास म्हणजेच इशारा आहे. पावसाळा लागल्यावर पाणी टाकून कूलर चालवणं थांबवावं.

धानाचं चुरणं, तणस आणि साठवण

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धान कापलं जातं, पुंजणे लागतात आणि मग मळणी यंत्रावर चुरणं सुरू होतं. या दिवसांत हवेत धानाचे तूस, बारीक कुसळं, बुरशी आणि माती एकत्र उडते. मळणी घराजवळ होत असेल तर ही धूळ थेट अंथरुणापर्यंत पोहोचते. दिवाळीच्या साफसफाईची धूळही नेमकी याच सुमारास. त्यामुळे अनेक दमेकऱ्यांना दिवाळी जड जाते.

पुंजण्यावर अवकाळी पाऊस पडला की धान आणि तणस आतून तापतात आणि बुरशी धरतात. असं तणस हलवताना पांढरी धूळ उठते. शेतकऱ्यांना ती हुंगल्यावर चार ते आठ तासांनी थंडी, ताप, खोकला आणि दम असा त्रास होऊ शकतो. रात्री ताप आल्यामुळे तो हिवताप समजला जातो. कामाच्या दिवशी त्रास आणि सुटीत आराम असा नेम दिसत असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. जगात याला 'फार्मर्स लंग' म्हणतात.

मळणीच्या वेळी एन-९५ प्रकारचा मास्क घालावा. दुपट्टा किंवा गमछा जाड धूळ अडवतो, बारीक कण अडवत नाही. काम संपल्यावर कपडे बाहेरच बदलून आंघोळ करावी आणि मगच अंथरुणाकडे जावं. धान पूर्ण वाळवूनच साठवावं. ओलसर धान्यात साठवणीतले माइट वेगानं वाढतात आणि तेही ॲलर्जी करतात. घर लहान असलं तरी ॲलर्जी असलेल्या व्यक्तीचं अंथरूण पोत्यांच्या खोलीत घालू नये.

जिल्ह्यात अनेक घरांत विड्या वळण्याचं काम चालतं. तंबाखूची धूळ नाक, डोळे आणि श्वासनलिकांना त्रास देते. तिथेही वळण्याची जागा आणि झोपण्याची जागा वेगळी असणं, तंबाखूचा साठा झाकून ठेवणं आणि काम झाल्यावर जमीन ओल्या फडक्यानं पुसणं यानं फरक पडतो.

धूर ॲलर्जी नाही, पण आगीत तेल

चुलीचा धूर, अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल यांची सहसा खरी ॲलर्जी नसते. पण हा धूर आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना आणखी चिडवतो. २००३ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की डासांची एक कॉइल पूर्ण जळताना जितके बारीक कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या कणांइतके असतात. दार-खिडक्या बंद करून, लहान मुलाच्या उशाशी कॉइल लावणं म्हणजे त्याला तो धूर रात्रभर पाजणं.

धानाच्या पट्ट्यात डास असणारच, म्हणून डासांपासून संरक्षण सोडता येणार नाही. त्याला सर्वांत चांगला पर्याय मच्छरदाणी. खिडक्यांना जाळी लावली तर दुहेरी फायदा. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर अंगणात जाऊन ओढल्यानं धूर कमी होतो, पण कपड्यांतून तो आत येतोच. दमा असलेल्या मुलाच्या घरात विडी सोडणं हाच खरा उपाय.

झुरळं, झिंगे आणि एक अनपेक्षित नातं

झुरळांची लाळ, विष्ठा आणि गळलेली कात हेही दम्याचं महत्त्वाचं कारण आहे. रात्री खरकटी भांडी न ठेवणं, गॅसखालची जागा कोरडी ठेवणं, भेगा बुजवणं आणि फवाऱ्याऐवजी जेल वापरणं हे दमेकऱ्यांसाठी जास्त सुरक्षित. फवाऱ्यानं स्वतःच दम लागू शकतो.

डस्ट माइट, झुरळ आणि झिंगे या तिन्हींच्या शरीरात ट्रोपोमायोसिन नावाचं, एकमेकांशी मिळतंजुळतं प्रथिन असतं. त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्या काही लोकांना झिंगे खाल्ल्यावर तोंडाला खाज, अंगावर गांधी किंवा ओठांना सूज येते. तलाव आणि वैनगंगेच्या या जिल्ह्यात मासे-झिंगे रोजच्या जेवणातले, म्हणून हे माहीत असलेलं बरं. मात्र झिंग्यांचा त्रास होतो म्हणून मासेही बंद करायची गरज नसते. माशांची ॲलर्जी वेगळ्या प्रथिनामुळे होते. आणि धुळीची ॲलर्जी आहे म्हणून, आजवर झिंगे खाऊन काहीही न झालेल्या माणसानं ते सोडायची गरज नाही.

अंगणातलं गाजर गवत, कपाळावरची टिकली

त्वचेची ॲलर्जी बऱ्याचदा वेगळ्या पद्धतीनं चालते. स्पर्शानंतर लगेच नव्हे तर एक-दोन दिवसांनी खाज, लाली आणि पाणी येतं. याचं महाराष्ट्राला ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलेलं हे तण आज रस्त्याकडेला, बांधावर आणि अंगणातही दिसतं. त्याचे सुकलेले बारीक कण हवेतून चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या खळग्यात बसतात. फुलं येण्याआधीच, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावं. ज्याला त्रास आहे त्यानं मात्र हे काम करू नये.

टिकलीचा गोंद, नकली दागिन्यांतलं निकेल आणि केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी हे रसायन यांमुळेही असंच होतं. टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरा डाग दिसू लागला तर टिकली लगेच थांबवावी. केसांच्या रंगानं एकदा डोळे सुजले असतील तर पुढच्या वेळी त्रास अधिक तीव्र होऊ शकतो.

उपचार: कोणतं औषध कशासाठी?

घर स्वच्छ ठेवल्यानं त्रास कमी होतो, पण अनेकांना औषध लागतंच. ते घेणं म्हणजे हार नाही.

ॲलर्जीच्या गोळ्या: हिस्टामिनचं काम रोखणाऱ्या या गोळ्या शिंका, खाज आणि पाणी थांबवतात. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी बरीच झोप येते. ती घेऊन ट्रॅक्टर, मळणी यंत्र किंवा गाडी चालवणं धोक्याचं. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिनसारख्या नव्या गोळ्यांनी झोप कमी येते. सेटिरिझिननं मात्र काहींना गुंगी येते.

नाकाचा स्टिरॉइड स्प्रे: कायम चोंदणाऱ्या नाकासाठी गोळीपेक्षा हा जास्त परिणामकारक. परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, म्हणून दोन दिवसांत सोडून देऊ नये. फवारताना टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे असावं.

नाक मोकळं करणारे थेंब: झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांसारखे थेंब लगेच आराम देतात, पण सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर थेंब बंद करताच नाक आणखी चोंदतं. मग सवय लागते.

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं: स्वस्त आणि उपयोगी. पाणी मात्र उकळून थंड केलेलंच हवं. विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं थेट पाणी वापरू नये.

मॉन्टेलुकास्ट: ही गोळी बऱ्याच चिठ्ठ्यांवर दिसते. झोप बिघडणं, चिडचिड, उदासी असे मानसिक दुष्परिणाम होऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकानं मार्च २०२० मध्ये तिला ठळक इशारा जोडला. मुलाच्या वागण्यात अचानक बदल दिसला तर डॉक्टरांना सांगावं.

इम्युनोथेरपी: ज्याची ॲलर्जी आहे तोच पदार्थ अगदी कमी मात्रेपासून देत शरीराला सवय लावण्याची ही पद्धत लंडनमध्ये १९११ पासून वापरात आली. इंजेक्शन किंवा जिभेखालचे थेंब या रूपात ती साधारण तीन ते पाच वर्षं घ्यावी लागते. ती प्रशिक्षित डॉक्टरांकडेच घ्यावी आणि इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच थांबावं. दमा आटोक्यात नसताना ती सुरू करत नाहीत.

"पंपाची सवय लागते" हे खरं आहे का?

नाही. उलट, या गैरसमजाची किंमत मोठी आहे. भारतात दम्याचे रुग्ण सुमारे साडेतीन कोटी असल्याचा अंदाज आहे, पण त्यांतले बरेच जण पंप टाळतात आणि दम लागला की इंजेक्शन किंवा गोळ्या घेतात.

पंपातून औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून मात्रा अगदी थोडी लागते. पंपाच्या एका दाबातलं स्टिरॉइड १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम असतं. पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या एका छोट्या गोळीत ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम असतात. वारंवार घेतलेल्या अशा गोळ्या आणि इंजेक्शनांनी साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि मुलांची वाढ खुंटते. पंप घेतल्यावर गुळण्या केल्या की तोंड येण्याचा त्रासही टळतो.

आणखी एक गोष्ट. फक्त आराम देणारा पंप ओढत राहणं पुरेसं नाही. जागतिक मार्गदर्शिका ठरवणाऱ्या 'जीना' या संस्थेनं २०१९ पासून बारा वर्षांवरील आणि प्रौढ रुग्णांना केवळ सालब्युटामॉलवर न ठेवता सूज कमी करणारं औषधही द्यावं, असं सांगितलं आहे.

कोजागिरीला विदर्भात ठिकठिकाणी दम्याचं औषध खिरीतून किंवा दुधातून दिलं जातं. ज्यांची श्रद्धा आहे ते जातात. पण त्यासाठी चालू पंप बंद करू नये. ऑक्टोबर हा धूळ आणि बुरशीचा महिना आहे आणि याच वेळी पंप थांबवणं सर्वांत धोक्याचं ठरू शकतं.

तपासणी कोणती करावी?

त्वचेवर वेगवेगळ्या पदार्थांचे थेंब ठेवून हलकं टोचलं जातं आणि १५-२० मिनिटांत गांधी उठते का ते पाहिलं जातं. याला स्किन प्रिक टेस्ट म्हणतात. त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, तेही डॉक्टरांना विचारून. रक्तातल्या आयजीईचीही तपासणी होते.

पण चाचणी सकारात्मक आली म्हणजे आजार आहेच असं नाही. तो पदार्थ खाल्ल्यावर किंवा हुंगल्यावर खरोखर त्रास होतो का, हे महत्त्वाचं. शंभर-दोनशे पदार्थांचं महागडं पॅकेज करून घेऊन दूध, गहू, अंडी, वांगी सगळं बंद करणारी कुटुंबं मुलांना विनाकारण कुपोषणाकडे ढकलतात. आयजीजी नावाच्या चाचणीवरून अन्नाची ॲलर्जी ठरत नाही.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करता येते. पुढची गरज पडली तर भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय आणि तिथून सुमारे ६० किलोमीटरवर नागपूरचं मेडिकल, मेयो किंवा एम्स आहे. जाताना महिनाभराची साधी नोंद वहीत लिहून न्यावी. त्रास कोणत्या वेळी झाला, कोणत्या खोलीत, त्या दिवशी काय काम केलं, काय खाल्लं आणि बाहेरगावी गेल्यावर आराम पडला का. अनेकदा या वहीतून जे कळतं ते महागड्या चाचणीतूनही कळत नाही.

केव्हा थांबायचं नाही?

पुढीलपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून लगेच १०८ वर फोन करावा:

• दम इतका की एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही
• ओठ किंवा नखं निळसर पडणं
• श्वास घेताना मुलाच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं
• झिंगे, शेंगदाणे, एखादं औषध किंवा मधमाशीच्या दंशानंतर अंगभर गांधी, जोडीला दम, उलटी, चक्कर किंवा जीभ-घसा सुजणं

शेवटच्या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावर पहिलं औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नये. रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवावेत, दम लागत असेल तर बसू द्यावं, पण एकदम उभं करू नये.

दमेकऱ्याकडे आराम देणारा पंप असेल तर गाडी येईपर्यंत स्पेसरमधून तो द्यावा. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, त्यात पंप घट्ट बसवून, बाटलीच्या तोंडातून श्वास घेता येतो. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली होती.

थोडक्यात

एप्रिल-मेमध्ये गाद्यांना ऊन आणि कूलरला नवं गवत. पावसाळ्याआधी स्लॅब आणि भिंतींची डागडुजी. पावसाळ्यात हवा खेळती आणि आठवड्याला गरम पाण्यात चादरी. चुरण्याच्या दिवसांत मास्क आणि त्याआधीच डॉक्टरांना विचारून स्प्रे किंवा पंप नियमित. हिवाळ्यात कॉइलऐवजी मच्छरदाणी. एवढं वेळापत्रक पाळलं तर ॲलर्जी मुळापासून जाईलच असं नाही, पण रात्रीची झोप, शाळेचे दिवस आणि कामाचे दिवस बरेच वाचतील. आणि रात्री दम लागत असेल, तर त्याला "सर्दीचा कोठा" म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जाणं, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.